टेबलावर हात

"राजांची जोडी कोण टाकतं, हनी?" डोरीननं विचारलं.

तिनं मला बारच्या मागच्या बाजूला, बिअरची रिकामी पिंपं ठेवतात तिथं आणलं होतं. तिच्या हातात ओलं फडकं होतं. पलीकडच्या टेबलावर माझा नवरा कौस्तुभ, मी नुकतेच सोडून दिलेले पोकरचे चिप्स दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढत होता आणि लहान मुलासारखा हसत होता.

"माझ्याकडे राजे नव्हते," मी म्हणाले.

"तू पानं सरकवलीस तेव्हा उलटली. वेंडेलनं पाहिली."

वेंडेल म्हणजे मक्याच्या कोठारावरून निवृत्त झालेला म्हातारा. माझ्या डावीकडे बसायचा, टोपी कधी काढायचा नाही आणि त्याला सगळं दिसायचं.

"नवराच आहे ना तो माझा. जिंकू दे की."

"म्हणूनच तर!" डोरीननं फडकं खांद्यावर टाकलं आणि कळवळली. तिचा उजवा खांदा धरलेला असायचा. "इथं एका टेबलावर बसलात की तुम्ही नवरा-बायको नाही. मुद्दाम हरणं म्हणजे बाकीच्यांशी केलेली चोरी आहे."

"आमच्याकडे याला चोरी म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

'संसार'ला इंग्रजीत काय म्हणतात, मला अजून माहीत नाही.

"पुन्हा दिसलं तर दोघांनाही फायनलमधून काढीन," ती म्हणाली. "तू मला आवडतेस. पण काढीन."

आयोवातलं ते गाव एवढंसं होतं. कौस्तुभची कंपनी, एक किराणा दुकान, तीन चर्च आणि डोरीनचा 'ब्लू हेरन' बार. दर रविवारी दुपारी दोनला तिथं पोकरची लीग चालायची. पैसे लावायचे नाहीत. सगळ्यांना सारखे प्लॅस्टिकचे चिप्स, शेवटपर्यंत टिकेल त्याला जास्त गुण, आणि हंगामाच्या शेवटी जास्त गुणवाल्यांची फायनल. जिंकणाऱ्याचं नाव पितळी पट्टीवर कोरून भिंतीवर लावायचे.

कौस्तुभला ती पट्टी हवी होती. ऑफिसात त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. बारमध्ये तो 'कोस्टा' होता आणि मी 'शेरी'. पण पट्टीवर पूर्ण नाव येणार होतं. त्यानं डोरीनला ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहूनही दिलं होतं. "बघ हं शर्वरी," मला म्हणाला, "या गावात काहीतरी माझ्या नावाचं असेल."

सुरुवातीला मी नुसती शेजारी बसायचे. घरी एकटी बसण्यापेक्षा बरं. मग डोरीन म्हणाली, खुर्ची अडवलीस तर खेळायला लागेल. पहिल्याच दिवशी मी पत्ते वाटले ते उजवीकडून. इचलकरंजीला आम्ही मेंढीकोट खेळायचो तसेच. सगळं टेबल ओरडलं. तिकडे डावीकडून वाटतात. डाव मोडला. मी घाबरून कौस्तुभला मराठीत विचारलं, "आता रे काय करू?" तर डोरीननं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: डाव चालू असताना टेबलावर फक्त इंग्रजी. दोन माणसं आपल्या भाषेत बोलली की एकमेकांना पानं सांगता येतात, म्हणून तो नियम.

खेळ मला लवकर जमला. प्रत्येकाला दोन पानं झाकून, मधे पाच पानं उघडी, आणि जोडी, तिकडी जे काय जुळेल ते. पण खरा खेळ पानांचा नव्हताच. हातात काही नसताना आहे असं दाखवून चिप्स पुढे सरकवायचे आणि समोरच्याला घाबरवून पानं टाकायला लावायची. थाप मारायची, थोडक्यात. आणि दुसऱ्याची थाप ओळखायची.

ते मला सोपं गेलं. मी फिजिओथेरपिस्ट. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात माझा दिवस माणसांची अंगं बघण्यात जायचा. "दुखत नाही हो ताई," म्हणणाऱ्याचं कुठं दुखतंय, ते त्याच्या बसण्यावरून कळायचं. वेंडेलकडे चांगली पानं आली की त्याचा श्वास थांबायचा. बँकेत काम करणारी एक पोरगी खेळायची, ती पाय हलवायचा थांबायची. आणि कौस्तुभ? कौस्तुभकडे काही नसलं की तो आवरायला लागायचा. चिप्सची चळत अंगठ्यानं सरळ करायचा, कडा जुळवायचा, ग्लासखालचा पुठ्ठा टेबलाच्या काठाशी समांतर ठेवायचा. मला हसू यायचं. खोटं बोलणारं माणूस इतकं नीटनेटकं असतं का कुठं! मी हे त्याला कधी सांगितलं नाही. माझ्याकडे राजे आले तरी पानं टाकून द्यायचे. तो घरी जाताना गाडीत शीळ घालायचा. त्या शिळेसाठी.

कारण एरवी आमच्या घरात शिळेसारखं काही नव्हतं.

मला तिथं काम करायची परवानगी नव्हती. त्याच्या व्हिसावर बायको म्हणून आले होते. त्याच्या कंपनीनं वकिलाकरवी ग्रीन कार्डचं काम एका टप्प्यापर्यंत नेलं की मग मला परवानगी मिळणार, असं होतं. आमच्या खिडकीसमोर रस्त्यापलीकडे फिजिओथेरपीचं क्लिनिक. मी सकाळी परवान्याच्या परीक्षेची पुस्तकं घेऊन खिडकीत बसायचे आणि आत जाणाऱ्या माणसांच्या चालीवरून ओळखायचे, हा गुडघा, ही कंबर, हे बाळंतपणानंतरचं. मग ती माणसं आत जायची. दार बंद व्हायचं.

डोरीनचा खांदा मी पाहिला होता. भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम शिकवला. दोन आठवड्यांत तिला वरच्या फळीवरची बाटली काढता आली. ती म्हणाली, "माझ्या वयाच्या बायका खूप आहेत इथं. दुपारी बार रिकामाच असतो. बस इथं, पगार देते."

"चालत नाही. मला कामाला बंदी आहे."

"बंदी? काय गुन्हा केलास?"

"लग्न," मी म्हणाले.

ती इतकी हसली की खांदा धरून बसली. मीही हसले. घरी येऊन मात्र भांडी घासताना ते हसू कुठंतरी अडकलं.

दर सोमवारी सकाळी मी कौस्तुभला विचारायचे, "वकिलाशी बोललास?"

"बोललो गं. होतंय. वेळ लागतो."

"पण टप्पा कुठला आलाय?"

"पुढे सरकतंय म्हणाला." आणि मीठ, मिरपूड, लोणच्याची बरणी एका ओळीत लावून तो डबा उचलून निघायचा. किती टापटीप माझा नवरा, असं मला वाटायचं. सासूबाईंना फोनवर कौतुकानं सांगितलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "आमचा कौस्तुभ? अगं, जन्मात कधी चपला जोडीनं काढल्या नाहीत त्यानं. तुझी जादू हो बाई." मी लाजलेही होते.

थांबा हं, पलीकडे आमच्या लेकीनं, रेवानं, कूस बदलली. पांघरूण लाथाडलंय. घालून येते.

तर फायनल.

त्या दिवशी बाहेर स्वच्छ ऊन होतं आणि आत नेहमीसारखा अंधार. कौस्तुभनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडीत म्हणाला, "शर्वे, आज आपण दोघं शेवटाला उरलो तर?"

"तर डोरीन बघत असणार. नीट खेळावं लागेल."

"नीट म्हणजे?"

"म्हणजे मी तुला हरवीन."

"हरव की! बघू या तरी," तो म्हणाला आणि माझ्या वेणीला हिसका दिला. त्याला वाटत होतं, इतके दिवस तो खरंच मला हरवत होता.

आणि तसंच झालं. आधी बँकेतली पोरगी बाद झाली, मग नेहमी येणारे दोघं भाऊ, मग वेंडेल. वेंडेल उठताना टोपीला हात लावून माझ्या कानाशी म्हणाला, "राजे असले तर खेळ." ऊन दारातून सरकत टेबलाच्या पायाशी आलं तेव्हा खुर्च्या दोनच उरल्या होत्या. एका बाजूला कोस्टा, एका बाजूला शेरी. बाकी सगळे गोल करून उभे. डोरीन पानं वाटायला स्वतः बसली.

"नियम माहीत आहेत," ती म्हणाली. म्हणताना माझ्याकडेच बघत होती.

थोडा वेळ इकडचे चिप्स तिकडे होत राहिले. मग मला छक्कीची जोडी आली. बरी, पण फार काही नाही. मधे दश्शी, नव्वी, चौकी उघडली. मग दुर्री. शेवटी राजा. म्हणजे त्याच्याकडे राजा, दश्शी, नव्वी यातलं एक जरी पान असलं तरी माझी छक्की मेली.

कौस्तुभनं राजाकडे पाहिलं. मग चिप्सकडे. उजव्या हाताचा अंगठा चळतीच्या कडेवरून वरून खाली फिरवला. एक चळत, दुसरी, तिसरी. सगळ्या सरळ झाल्या. मग दोन्ही तळहात लावून सगळंच्या सगळं पुढे सरकवलं.

"ऑल इन," तो म्हणाला.

मी हसणार होते. आलं माझं बाळ आवरायला, असं मनात आलंसुद्धा. आणि त्या सरळ चळतींकडे बघता बघता मला मीठ दिसलं. मिरपूड दिसली. लोणच्याची बरणी. एका ओळीत. सोमवारची. त्याच्या आदल्या सोमवारची.

जन्मात कधी चपला जोडीनं काढल्या नाहीत त्यानं.

मी माझी दोन पानं टेबलावर पालथी दाबून धरली.

"कौस्तुभ," मी म्हणाले, "तू वकिलाशी बोललायस ना रे?"

तो दचकला. "आत्ता? काय हे, आत्ता कुठं—"

"इंग्रजी," डोरीन म्हणाली.

"नाही पण, एवढंच सांग. बोललायस ना?"

"शेरी! अजून एक शब्द, आणि तुझी पानं बाद."

वेंडेलनं टोपी मागे सारली. कौस्तुभनं ग्लासखालचा पुठ्ठा उचलला आणि टेबलाच्या काठाशी समांतर ठेवला.

इंग्रजीत विचारता आलं असतं. मला ते वाक्य येत होतं. पण मग ते सगळ्यांना कळलं असतं. या लोकांत, जिथं त्याला भिंतीवर नाव हवं होतं, तिथं त्याचं काय राहिलं असतं? आणि मराठीत विचारायची सोय नव्हती. त्या एवढ्याशा टेबलावर मला माझ्या नवऱ्याशी बोलायला कुठलीच भाषा उरली नव्हती. फक्त पत्ते उरले होते.

पानं टाकावीत का? तो जिंकेल, शीळ घालेल. मला काही कळणार नाही. उद्या सोमवार. मी विचारीन, तो म्हणेल होतंय, आणि मी मिठाकडे बघायची नाही. इतकंच करायचं. बायका याहून किती तरी जास्त करतात.

नाहीतर चिप्स पुढे करून त्याची पानं बघायची.

त्याच्याकडे राजा असेल, मी मनाशी म्हटलं. असू दे. देवा, त्याच्याकडे राजा असू दे. राजा असला तर ते आवरणं नुसतं आवरणं. मग सगळं खरं. मग वकील खरा, टप्पा खरा, समोरच्या क्लिनिकचं दार एक दिवस उघडणार ते खरं. मी हरले की झालं.

त्या बारमध्ये दर रविवारी मी मुद्दाम हरत आले होते. पण हरायला मिळावं म्हणून जीव इतका तुटला नव्हता कधी.

"कॉल," मी म्हणाले आणि चिप्स पुढे केले.

त्याला माझ्याकडून ते अपेक्षित नव्हतं. मी कधी असं केलंच नव्हतं. डोरीन म्हणाली, "पानं, कोस्टा."

त्यानं उघडली. गुलाम आणि सत्ती. काही नाही. जोडीसुद्धा नाही.

माझ्या छक्क्या मी उलटल्या तेव्हा बारमध्ये असा आरडाओरडा झाला! वेंडेलनं माझी पाठ थोपटली. कुणीतरी घंटा वाजवली. डोरीननं दुखरा हात विसरून दोन्ही हात वर केले. "छक्कीच्या जोडीवर! बाई गं, तुला कळलं कसं?"

कौस्तुभ टाळ्या वाजवत होता. मनापासून वाजवत होता, ते मला दिसत होतं. मग माझा चेहरा बघून त्याचे हात हळूहळू थांबले.

गाडी बारच्या मागे, धान्याच्या कोठाराच्या सावलीत उभी होती. तो बसला, मी बसले. त्यानं किल्ली लावली नाही.

"भारी खेळलीस," तो म्हणाला. "मला वाटलं टाकशील."

"हात स्टिअरिंगवर ठेव."

"काय?"

"दोन्ही हात. स्टिअरिंगवर. आणि हलवायचे नाहीत."

त्यानं ठेवले. मधल्या खणात सुटी नाणी आणि पावत्या पडल्या होत्या. त्याची नजर तिकडे गेली. मी खण बंद केला.

"वकिलाशी बोललास?"

"शर्वे, अगं—"

"हात."

त्याची बोटं चाकावर पांढरी झाली. मी माझ्या सगळ्या पेशंटांना सांगायचे तसं सांगितलं, "श्वास सोड. मग बोल."

समोरच्या पत्र्याच्या भिंतीकडे बघत तो म्हणाला, "वकील नाहीच आहे."

"म्हणजे?"

"कंपनी नाही म्हणाली. माझ्यासाठी ते काही करणार नाहीत. गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या आधी सांगितलं."

गेल्या वर्षीची दिवाळी. त्या दिवाळीला मी नवी पुस्तकं मागवली होती.

"तू रोज सकाळी खिडकीत बसायचीस," तो म्हणाला. "पेन्सिलीनं खुणा करत. एकदा म्हणालीस, त्या समोरच्या बाईला मी आठवड्यात सरळ चालवीन. मी डबा घेऊन दारात उभा होतो. कसं सांगायचं होतं मी? म्हटलं दुसरी कंपनी बघू, मिळाली की सांगू. मिळाली नाही. मग दर सोमवारी... दर सोमवारी एकच वाक्य म्हणायचं होतं फक्त."

"आणि रविवारी पत्ते खेळायचे."

"तिथं खोटं बोललेलं चालतं," तो म्हणाला.

मला खूप राग यायला हवा होता. आलाही नंतर, कितीतरी दिवस पुरला. पण त्या क्षणी मी त्याचे हात बघत होते. चाकाला घट्ट धरलेले, न हलवायचे म्हणून. कोल्हापूरला अपघाताची माणसं यायची, त्यांना उभं करताना ती अशी कठडा धरायची. सोडलं तर पडू, म्हणून. मी माझा हात त्याच्या मनगटावर ठेवला. नाडी पळत होती.

"परत जायचं का?" त्यानं विचारलं. "तू म्हणशील तसं."

परत कुठं, कशावर? सांगलीच्या सासरच्या घरावर त्यानं काढलेलं कर्ज होतं, माझी जागा कोल्हापुरात केव्हाच भरली होती. मी दार उघडून उतरून जाऊ शकत होते. कोठारापर्यंत. त्यापुढं मका होता, आणि त्यापुढंही मकाच.

"गाडी काढ," मी म्हणाले.

त्या पट्टीवर डोरीननं 'शेरी' कोरलं. मला विचारलंही नाही. अजून असेल तिथं.

आम्ही आता दुसऱ्या गावात आहोत. दुसरी कंपनी. तिनं काम हाती घेतलंय खरं, पण रांगेत आम्ही उशिरा लागलो, आणि अजून तो टप्पा यायचाय. पुस्तकं कपाटाच्या वर आहेत. रेवा इथंच जन्मली, म्हणजे इथली नागरिक, त्यामुळे तिला सगळं चालतं. आमच्या घरात काम करायची परवानगी असलेलं दुसरं माणूस आत्ता अंगठा चोखत झोपलंय.

मिठाची बाटली जिथं ठेवू तिथं असते. बरणी कुठं, झाकण कुठं. मी आवरत नाही, तोही आवरत नाही. संध्याकाळी तो येतो, हात धुतो आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो. मी काही विचारत नाही. तो आपणहून दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवतो, बोटं पसरून, आणि म्हणतो, "अजून काही नाही."

परवा रेवा त्याच्याकडे बघत होती. मग खुर्ची धरून चढली, चिकट पंजे त्याच्या हातांशेजारी नीट पसरून ठेवले आणि मला म्हणाली, "काई नाई."